कोल्हापूरच्या पेठेतील पाहुणा: चप्पल, गूळ आणि चटणीची पारख

कोल्हापुरात बाहेरगावाहून येणाऱ्या माणसाची खरेदी बहुधा अंबाबाईच्या दर्शनाला जोडून येते, आणि म्हणूनच या शहराच्या किरकोळ बाजाराची रचना समजून घ्यायची तर देवळापासूनच निघावे लागते. पश्चिमेकडील महाद्वारातून बाहेर पडले की महाद्वार रोड लागतो; त्याला लागून असलेला ताराबाई रोड, कपिलतीर्थची मंडई, सोन्याचांदीच्या पेढ्यांची गुजरी आणि शिवाजी चौकाच्या बाजूची चप्पल लाइन ही सारी ठिकाणे पायी फिरता येतील इतक्या अंतरात आहेत. ठोक व्यापार या परिघाबाहेर चालतो. धान्य-मसाल्याचे मोठे व्यापारी लक्ष्मीपुरीत आहेत आणि गुळाचे सौदे मार्केट यार्डात होतात, त्यामुळे दर्शन, जेवण आणि परतीची गाडी यांच्यामधल्या दोन-तीन तासांत पाहुण्याला दिसतो तो फक्त आतला परिघ, म्हणजे त्याच्यासाठी मांडलेला बाजार.

या बाजाराविषयी एक गोष्ट आधी स्पष्ट करायला हवी. कोल्हापूरच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याचशा वस्तू कोल्हापूर शहरात तयार होत नाहीत. चपलांचा मोठा हिस्सा सीमेपलीकडच्या बेळगाव जिल्ह्यातील अथणी, निपाणी या भागांतून येतो, गूळ जिल्ह्यातील गुऱ्हाळांतून येतो, मिरची गडहिंग्लज-संकेश्वर पट्ट्यातून आणि त्याही पलीकडे हावेरी जिल्ह्यातील ब्याडगीहून येते, चोळीचा खण बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्ड येथे विणला जातो आणि चांदीचे पैंजण हुपरीत घडतात. शहराचे स्वतःचे काम या सगळ्या मालाची निवड करणे, त्याची प्रत ठरवणे आणि त्याच्यामागे आपले नाव उभे करणे हे आहे. दुकानदार पाहुण्याला जे विकतो त्यात वस्तूच्या जोडीला त्याची नजरही असते. ती नजर ज्या दुकानात आहे तिथे खरेदी चांगली होते आणि जिथे नाही तिथे पाहुण्याच्या हाती फक्त पिशवीवरचा छाप येतो.

हे सर्वांत स्पष्टपणे दिसते ते चपलेच्या दुकानात. कोल्हापुरी चपलेचे गुण तिच्या आकारापेक्षा चामड्याच्या कमावणीतून आलेले असतात. कमावणे म्हणजे कच्चे कातडे कुजू नये आणि वाळून तडकू नये म्हणून त्यावर केलेली प्रक्रिया. या भागातील जुन्या पद्धतीत कातडे चुन्याच्या पाण्यात ठेवून त्याचे केस काढले जातात, नंतर ते शिवून त्याची पिशवी केली जाते, तिच्यात बाभळीची साल आणि हिरडा यांचा काढा भरून ती टांगून ठेवली जाते आणि काढा कातड्यातून हळूहळू झिरपत राहतो. सालीतील आणि हिरड्यातील टॅनिन हे द्रव्य कातड्याच्या तंतूंना धरून बसते, आणि या कामाला दिवस नव्हे तर आठवडे लागतात. कारखान्यांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या क्रोम कमावणीत हेच काम क्रोमियमच्या क्षारांनी फार कमी वेळात होते आणि चामडे मऊ, एकसारखे व रंग चटकन धरणारे मिळते. परंतु ते घाम तितका शोषत नाही आणि वापरणाऱ्याच्या पायाचा ठसाही तितका घेत नाही. सालीने कमावलेले चामडे सुरुवातीला ताठ असते, थोडे चावते आणि काही आठवड्यांनी पायाच्या आकाराचे होते. ताठपणा हा दोष समजून दुकानातली सर्वांत मऊ चप्पल उचलणारा पाहुणा नेमकी ती वस्तू मागे ठेवून जातो, जिच्यासाठी तो आलेला असतो.

परंपरेने कमावणीचे काम ढोर समाजाकडे आणि चप्पल बांधण्याचे काम चर्मकार समाजाकडे राहिले आहे. बांधणीतही वाटणी असते. रापी, म्हणजे चामडे कापण्याचे रुंद पात्याचे हत्यार, आणि आरी, म्हणजे भोक पाडण्याचे टोकदार हत्यार, यांनी तळ कापून थर जोडण्याचे काम बहुधा पुरुष करतात, तर पट्ट्यावरची बारीक वेणी वळणे, नक्षीचे टाके घालणे आणि गोंडे बसवणे हे काम घरातील स्त्रियांच्या हाती असते. तळाच्या थरांमध्ये दोन्ही बाजूंनी बाहेर येणाऱ्या चामड्याच्या पट्ट्यांना कान म्हणतात. पायावरचा मुख्य पट्टा या कानांना जोडला जातो आणि चपलेचे आयुष्य बरेचसे या जोडावर अवलंबून असते. अस्सल बांधणीत खिळा नसतो, थर चामड्याच्या वादीने किंवा दोऱ्याने शिवलेले असतात. शहरातील सुभाषनगर, जवाहरनगर या वस्त्यांत हे काम अजून चालते, मात्र देवळाच्या रस्त्यावरून जाणाऱ्या पाहुण्याला ते दिसत नाही, कारण दुकानात येते ती तयार जोडी, आणि ज्या बाईने वेणी वळली तिचा कुठेही उल्लेख नसतो.

चांगल्या दुकानातील व्यवहार पाहण्यासारखा असतो. गिऱ्हाईक आत आले की दुकानदार प्रथम त्याच्या पायाकडे पाहतो आणि बहुतेक वेळा न विचारता नंबर ओळखतो. त्यानंतर प्रकार विचारला जातो: कागल तालुक्यातील सेनापती कापशी या गावावरून नाव पडलेली, रुंद कानांची आणि वेणीची कापशी, जाड तळाचे, रांगडे पायताण, बक्कलनाळी, पुकरी, कचकडी आणि शहरी गिऱ्हाइकांसाठी केलेले हलके प्रकार. जोडी समोर आली की जाणता गिऱ्हाईक पट्ट्यावरची नक्षी नंतर पाहतो, आधी चप्पल उलटी करतो. तळाच्या कडेला थर वेगवेगळे दिसतात की कडेवर रंग फासून ते झाकले आहेत, तळाखालची शिवण खरी आहे की वरून उमटवलेला ठसा आहे, कान थरांमध्ये शिवले आहेत की नुसते चिकटवले आहेत, या गोष्टी मिनिटभरात कळतात. नखाने हलका दाब दिला तर सालीने कमावलेल्या चामड्यावर खूण उमटते आणि त्या जागेचा रंग थोडा बदलतो. रेक्झिनवर तसे होत नाही, आणि रेक्झिनचा वासही लपत नाही. रंग सगळीकडे तंतोतंत एकसारखा असेल तर शंका घ्यायला जागा असते, कारण तेल पाजलेल्या चामड्यावर जनावराच्या कातडीच्या रेषा आणि डाग थोडे तरी दिसतात.

माप घेताना चप्पल किंचित घट्ट घ्यावी असे दुकानदार सांगतो आणि ते विक्रीसाठीचे बोलणे नसते, कारण पट्टा वापराने सैल होतो, परंतु तळाची लांबी वाढत नाही. म्हणून टाच बाहेर येता कामा नये आणि पट्टा मात्र थोडा आवळावा, असे दुहेरी माप पाहावे लागते. दिवसभर चालल्यावर पाय किंचित सुजतो, तेव्हा दर्शनाच्या रांगेत तीन तास उभे राहून आलेल्या माणसाचे माप सकाळच्या मापाशी जुळेलच असे नाही. घरी गेल्यावर पट्ट्याला आतून खोबरेल किंवा एरंडेल लावणे, पहिले काही दिवस रोज थोडाच वेळ घालणे आणि पावसात न वापरणे, या सूचना न विचारता देणारे दुकान विश्वासाचे समजावे. पावसाळ्यात कोल्हापूरला जाऊन तिथून निघतानाच नवी चप्पल पायात घालणारे पर्यटक दरवर्षी असतात आणि भिजून फुगलेल्या तळाची तक्रारही दरवर्षी होते. त्यात कारागिराचा दोष नसतो.

या चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले. एखाद्या वस्तूचे गुण आणि ख्याती विशिष्ट प्रदेशाशी जोडलेली असतील तर त्या प्रदेशाबाहेरच्या उत्पादकाला ते नाव वापरण्यास मनाई करणारी ही कायदेशीर नोंद असते. येथे ती महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून दिली गेली, आणि हा निर्णय वस्तुस्थितीला धरून होता, कारण कमावणी आणि बांधणीची ही परंपरा राज्यांच्या सीमारेषेहून जुनी आहे. अथणीची जोडी कोल्हापूरच्या दुकानात विकणे ही म्हणूनच फसवणूक नव्हे. यंत्रावर ठोकलेली रेक्झिनची जोडी त्याच नावाने विकणे ही फसवणूक आहे. जून 2025 मध्ये इटलीतील प्राडा या कंपनीने मिलानमधील प्रदर्शनात याच धर्तीची पादत्राणे मूळ उल्लेखाशिवाय मांडली आणि टीकेनंतर भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले, तेव्हा चप्पल लाइनीकडे वृत्तपत्रांचे लक्ष गेले. मात्र त्याआधीची आणि कारागिराला अधिक जाणवणारी अडचण कच्च्या मालाची होती: महाराष्ट्रात 2015 साली लागू झालेल्या प्राणी संरक्षण दुरुस्ती कायद्याने गायीबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली, त्यामुळे त्या चामड्याचा पुरवठा आटला आणि म्हशीच्या व परप्रांतीय चामड्यावरचे अवलंबन वाढले. दुकानातील भावाचा विचार करताना ही साखळी लक्षात घ्यावी लागते. वेणीच्या जोडीला घासाघीस करून पाडलेला भाव शेवटी दुकानदाराच्या नफ्यातून जात नाही, तो जोडीमागे मजुरी घेणाऱ्या घरातून जातो.

चपलेचा व्यवहार डोळ्यांचा आणि बोटांचा, तर गुळाचा जिभेचा आणि दातांचा. कोल्हापूरच्या गुळाच्या व्यापाराला शाहू महाराजांनी 1895 साली वसवलेल्या शाहूपुरी पेठेपासून बांधीव रूप आले. पुढे हा व्यापार मार्केट यार्डात गेला आणि आजही दिवाळीच्या पाडव्याला तिथे नव्या हंगामाच्या सौद्यांचा मुहूर्त होतो. सौदा म्हणजे आडत्याच्या दुकानासमोर मांडलेल्या मालाची बोली. या मालाच्या ढेपेला इथे रवा म्हणतात, तेव्हा तीस किलोचा रवा असे ऐकून पाहुण्याने सांज्याचा विचार करू नये. मोठा माल गुजरातेकडे जातो, आणि किरकोळ गिऱ्हाइकासाठी एक, पाच, दहा किलोचे रवे बांधले जातात.

गुळाची प्रत गुऱ्हाळात ठरते. उसाचा रस काहिलीत, म्हणजे लोखंडी पसरट कढईत, उकळतो. भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून मळी वर आणली जाते आणि झाऱ्याने काढली जाते. चुलवाणात पाचट आणि चिपाडे घालणारा गडी आच सांभाळतो आणि काहिलीपाशी उभा असलेला गुळव्या पाक कधी उतरवायचा हे ठरवतो. गुळव्या हा या सगळ्या कामातला कळीचा माणूस आहे. उकळी थोडी आधी उतरवली तर गूळ मऊ राहतो आणि पावसाळ्यात पाघळतो, थोडी उशिरा उतरवली तर करपट वास धरतो, आणि हा निर्णय तो पाकाचा थेंब पाण्यात टाकून, बोटांत गोळी करून घेतो. त्याच्याही आधीच्या टप्प्यावर काढलेला दाटसर पाक म्हणजे काकवी, जी बाटलीत भरून विकली जाते आणि प्रवासात हटकून सांडते.

पाहुण्याची गुळातली चूक बहुधा रंगाची असते. सोनेरी पिवळा, चकचकीत गूळ चांगला अशी समजूत पूर्वी व्यापारानेच रुजवली, आणि तो रंग आणण्यासाठी गुऱ्हाळांत हायड्रोस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, वापरण्याची प्रथा पडली. आता उलट समजूत जोरात आहे आणि गडद तपकिरी ढेप पाहिली की ती सेंद्रिय असे गृहीत धरले जाते, वास्तविक करपलेला, जुना झालेला किंवा मळी नीट न काढलेला गूळही गडदच दिसतो. दोन्ही समजुती सारख्याच अर्धवट आहेत. जाणकार दुकानदार रवा फोडून आतला भाग दाखवतो: चांगल्या गुळाला कणी असते, तो स्वच्छ तुटतो, जिभेवर विरघळताना खारट लागत नाही आणि दाताखाली कचकचत नाही. हंगाम साधारण दिवाळीपासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत चालतो, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये ‘ताजा’ म्हणून मिळणारा गूळ साठवणीतला असतो. साठवण नीट असेल तर त्यात गैर काही नाही, पण ताजा म्हणणे गैर आहे. पुरणासाठी मऊ आणि चिक्कीसाठी कडक असा वेगळा गूळ मिळतो, आणि कशासाठी हवा आहे असे विचारूनच हात पुढे करणारा दुकानदार पाहुण्याला कधी चुकीचा माल देत नाही. कोल्हापूरच्या गुळालाही 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तरीही बाहेरचा गूळ कोल्हापुरी म्हणून खपवला जातो अशी तक्रार इथल्या उत्पादकांनी वेळोवेळी केली आहे, आणि खोक्यावरच्या नावापेक्षा फोडलेल्या रव्यावर विश्वास ठेवण्याचे कारण हेच.

याच किराणा दुकानांत आजऱ्याचा घनसाळ तांदूळ मागावा. आजरा तालुक्यातील हा आखूड दाण्याचा सुवासिक भात 2016 पासून मानांकनप्राप्त आहे, आणि त्याचा वास कच्च्या दाण्यापेक्षा शिजताना अधिक कळतो, त्यामुळे दुकानात मूठभर दाणे नाकाशी नेऊन फारसे हाती लागत नाही. इथे दुकानदाराच्या शब्दावरच घ्यावे लागते.

चटणीचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. कोल्हापूरकर ज्याला नुसती चटणी म्हणतात ती ताटात डावीकडे वाढायची ओली किंवा शेंगदाण्याची चटणी नव्हे, तर वर्षभराच्या स्वयंपाकाचा आधार असलेला लाल कांदा-लसूण मसाला होय. तो मार्च ते मे या उन्हाळ्याच्या महिन्यांत घरोघरी होतो. मिरच्या गच्चीवर वाळवून देठ काढले जातात, सुके खोबरे, तीळ, धने, जिरे, खसखस, लवंग, दालचिनी, दगडफूल, जायपत्री, मसाला वेलची हे सारे वेगवेगळे तेलावर भाजले जाते, कारण प्रत्येकाला लागणारी आच वेगळी असते, आणि मग डंकावर, म्हणजे वरून लोखंडी मुसळ आदळणाऱ्या कांडप यंत्रावर, ते कुटून आणले जाते. कांदा, लसूण आणि आले शेवटी घातले जातात. चक्कीत दळणे आणि डंकात कुटणे यांत फरक असा की चक्कीत मसाला तापतो आणि त्याचा वास उडतो, कुटताना तो कमी तापतो आणि खोबऱ्या-तिळाचे तेल मिरचीत मुरते. एप्रिलमध्ये कोल्हापूरच्या कोणत्याही पेठेतील डंकाबाहेर डबे घेऊन बसलेल्या बायकांची रांग दिसते, आणि आपला मसाला दुसऱ्याच्या मसाल्यात मिसळू नये म्हणून त्या कांडप होईपर्यंत जागा सोडत नाहीत.

चटणीचा स्वभाव मिरच्यांच्या मेळावर ठरतो. सुरकुतलेली, गडद लाल ब्याडगी रंग देते आणि फारशी तिखट नसते. लांब, सडपातळ संकेश्वरी जवारी मिरची वास आणि झणका देते. जवारी म्हणजे संकरित नसलेले देशी वाण. ज्यांना अधिक तिखट हवे ते लवंगी मिसळतात. संकेश्वरीचे पीक थोडे आणि भाव चढा असल्यामुळे तयार मसाल्यात तिचे प्रमाण कमी होत जाते आणि तिखटपणा स्वस्त मिरचीने भरून काढला जातो. अशी चटणी जीभ पोळते, पण रश्श्याला वास येत नाही. देशभरच्या हॉटेलांत व्हेज कोल्हापुरी या नावाने जे लाल तिखट वाढले जाते त्याने कोल्हापूरच्या जेवणाची ओळख फक्त तिखटपणापुरती करून टाकली आहे, आणि तीच समजूत घेऊन आलेला पाहुणा दुकानात ‘सर्वांत तिखट कोणती’ असे विचारतो. हा प्रश्न चुकीचा आहे. विचारायला हवे ते मिरच्या कोणत्या आणि कांडप कधीचे.

पारखही सोपी आहे. खरी कुटलेली चटणी बोटांना किंचित तेलकट लागते आणि मुठीत दाबली तर तिचा गोळा क्षणभर टिकतो. ती भुगभुगीत, कोरडी आणि एकसारखी लालभडक असेल तर खोबरे-तीळ कमी आणि रंग जास्त असे समजावे. वास घेतल्यावर आधी लसूण, मग भाजलेले खोबरे आणि शेवटी मिरची यावी. पहिल्याच हुंगण्याला नुसता ठसका येत असेल तर बाकीचे जिन्नस नावापुरते असतात. महिला बचत गटांनी केलेल्या चटणीत प्रत्येक गटाची हातोटी वेगळी असते, त्यामुळे एकदा आवडलेली चटणी पुन्हा मिळवायची तर पाकिटावरचे गटाचे नाव जपून ठेवावे लागते. मोठ्या ब्रँडची चटणी दरवेळी सारखी लागते, आणि तोच तिचा गुण आणि तीच तिची मर्यादा. पाकीट घरी नेल्यावर काचेच्या बरणीत, हिंगाचे खडे घालून आणि ओला चमचा न लावता ठेवले तर चटणी वर्ष काढते. मुंबई-पुण्यात स्थायिक झालेली कोल्हापूरकडची कुटुंबे अजून गावाकडून वर्षाची चटणी मागवतात.

कापडाच्या दुकानांविषयी थोडक्यात सांगता येईल. अंबाबाईची ओटी भरण्यासाठी लागणारा खण, म्हणजे दोन्ही बाजूंना काठ आणि मध्ये बारीक बुट्टीची वीण असलेले चोळीचे कापड, महाद्वार आणि ताराबाई रोडवर पूर्वीपासून विकला जातो. गेल्या काही वर्षांत त्याच कापडाचे कुर्ते, जाकिटे, पिशव्या, आकाशकंदील आणि वह्यांची वेष्टने करून विकणारी छोटी बुटीक ठिकठिकाणी निघाली आहेत, आणि त्यांनी एका मागे पडत चाललेल्या कापडाला नवे गिऱ्हाईक मिळवून दिले हे मान्य करावे लागेल. मात्र त्यांतला बराच माल यंत्रमागावरचा असतो. कोल्हापूरपासून जवळचे इचलकरंजी हे यंत्रमागांचे मोठे केंद्र आहे आणि यंत्रमागाच्या कापडात कमीपणा काही नाही, परंतु हातमागाचा भाव लावून ते विकले जाते तेव्हा प्रश्न उभा राहतो. वस्तूची उलट बाजू, काठाचा जोड आणि विणीतील सूक्ष्म असमानता पाहिल्याशिवाय हा फरक कळत नाही, आणि अस्तर लावून शिवलेल्या कुर्त्यात उलट बाजू पाहताच येत नाही. अशा वेळी शिवलेला कपडा घेण्यापेक्षा नुसता खण घेणे शहाणपणाचे.

गुजरीत पाहुणा सहसा पाहण्यासाठी जातो आणि घेतो ते चांदीचे पैंजण किंवा सोन्याचे पाणी दिलेला साज. कोल्हापुरी साज म्हणजे जवाच्या आकाराचे मणी आणि त्यांच्यामध्ये चंद्र, कमळ, मासा, कासव अशा आकृत्यांची पाने गुंफलेला गळ्यातला दागिना. परंपरेने त्यात एकवीस पाने मानली जातात आणि त्यांपैकी दहा विष्णूच्या दहा अवतारांची व आठ अष्टमंगलाची असे सांगितले जाते, परंतु आज प्रचारात असलेल्या साजांत पाने कमी असतात. सोन्याचा साज घ्यायचा असेल तर पानांच्या पोकळीत भरलेल्या लाखेचे वजन सोन्याच्या वजनातून वजा केले आहे का हे विचारावे आणि घडणावळ, म्हणजे घडवण्याची मजुरी, पावतीवर वेगळी लिहून घ्यावी. एप्रिल 2023 पासून दुकानदाराला सोन्याचा हॉलमार्क असलेला दागिना सहा अंकाक्षरी ओळखक्रमांकाशिवाय विकता येत नाही, तेव्हा तो क्रमांक पाहणे गिऱ्हाइकाच्या हक्काचे आहे. दागिने गाठवणारे पटवेकरी अजूनही या भागात बसतात. तुटलेला जुना साज घेऊन येणाऱ्या बाईला नवा घेण्याआधी त्यांच्याकडे जाण्याचा सल्ला देणारी पेढी अजून दुर्मीळ झालेली नाही.

वेळेचा प्रश्न उरतो. नवरात्रात, शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांच्या हंगामात बसगाड्या भरून येणाऱ्या गर्दीपुढे दुकानदाराला रवा फोडून दाखवायला किंवा चपलेचा तळ उलटून समजवायला सवड नसते, आणि पाहुण्याने तशी अपेक्षा धरू नये. कामाच्या दिवशी सकाळी, दुकाने नुकतीच उघडलेली असताना, तेच दुकान आणि तोच माणूस वेगळा असतो. ज्याच्या हाती दोनच तास आहेत त्याने त्यांतला एक तास चपलेला द्यावा, चटणी आणि गूळ एकाच किराणा दुकानातून घ्यावे आणि काकवीची बाटली सामानाच्या पिशवीत न ठेवता हातात धरून न्यावी. प्रत्येक दुकानात एक प्रश्न मात्र विचारलाच पाहिजे: हा माल कुठून आला आणि कोणी केला. गावाचे, गुऱ्हाळाचे, बचत गटाचे किंवा कारागिराच्या वस्तीचे नाव सहज सांगणारा दुकानदार भेटला तर भाव न पाडता घ्यावे आणि पावती मागून घ्यावी. आणि उत्तर मिळाले नाही, तर महाद्वार रोडवर शेजारीच दुसरे दुकान आहे.